चौथ्या मजल्यावरचं तळघर

आमच्या तळघऱ्याकडे तळघर नाही. तो कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या इमारतीखाली फक्त पाण्याची टाकी आहे. पण जुनी वाइन जपायची तर जमिनीखाली एक गार, अंधारी, किंचित ओलसर खोली हवीच, असं फ्रान्समध्ये कुणीतरी त्याच्या मनावर बिंबवलं. तेव्हापासून 'माझ्या तळघरात' हे शब्द त्याच्या तोंडी इतक्यांदा यायला लागले की मित्रांनी त्याचं मूळ आडनाव रद्दच करून टाकलं. हे तळघर म्हणजे बेडरूमच्या कोपऱ्यातलं काचेच्या दाराचं एक कपाट. आत तेरा अंश तापमान, निळसर दिवा आणि आडव्या झोपलेल्या बाटल्या. कपाटावर बाहेरच्या उन्हाळ्याचा ताण पडू नये म्हणून त्या खोलीला एसी.

"पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी पंखा कधी तीनवर गेला नाही," वहिनी म्हणतात. "या सवती आल्या आणि तिसऱ्या दिवशी एसी बसला."

मे महिन्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर कपाट चालतं, पंखा चालत नाही. घरची माणसं अंधारात पदराने, वर्तमानपत्राने वारा घेत बसतात आणि बेडरूमच्या दाराखालून तेवढी एक निळी तिरीप येत असते.

एवढ्यावरून तो चिक्कू आहे असा कुणाचा समज व्हायचा. तसं अजिबात नाही. चिक्कू माणूस भारी बाटली लपवतो आणि दिलदार माणूस ती समोर ठेवून मोकळा होतो. तळघरे तिसऱ्याच जातीचा. तो बाटली तुमच्यासाठीच वर्षानुवर्षं जपतो, तुमच्यासाठीच उघडतो, स्वतःपेक्षा तुमच्या ग्लासात थोडी जास्तच ओततो, आणि मग तुम्हाला ती पिऊ देत नाही.

पूर्वी तो असा नव्हता. बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. महिन्याकाठी एखाद्या शनिवारी रम, सोबत खारे दाणे, आणि घरी गेल्यावर वहिनींसमोर शक्य तितकं सरळ चालणं, एवढ्यावर सुखी होता. नव्वदीच्या सुरुवातीला कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी ल्याँला पाठवलं. तिथला म्हातारा घरमालक दर रविवारी खालच्या तळघरातून एक धुळीने माखलेली बाटली वर आणायचा, ती उघडायला एक तास लावायचा आणि संपवायला तीन. तळघऱ्याचं फ्रेंच बेताचं, म्हाताऱ्याचं इंग्रजी शून्य. त्यामुळे दोघांत कधी भांडण झालं नाही. परतताना तळघऱ्याने १९९० च्या हंगामातल्या बोर्दोच्या काही बाटल्या घेतल्या आणि म्हाताऱ्याच्याच तळघरात ठेवून दिल्या. ती एवढ्यात उघडायची नाही, असं म्हाताऱ्याने खुणेने सांगितलं होतं. 'एवढ्यात' म्हणजे किती, तेवढं त्याने सांगितलं नाही. तेव्हापासून तळघरे वाट बघतोय.

नंतर त्या बाटल्या पुण्यात आल्या त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सामानातून. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येतं. हा नियम बाकीच्या जनतेला ढोबळमानाने माहीत असतो, तळघऱ्याने तो पाण्यासारखा वाहू दिला नाही. नेहमीची बाटली पाऊण लिटरची. दोन आणल्या तर दीड लिटर झाले, उरलेल्या अर्ध्या लिटरचा हक्क फुकट गेला. हे त्याला झोपू देईना. मग त्याला कळलं की हंगेरीची तोकाय नावाची गोड वाइन नेमकी अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते. त्या दिवसापासून त्याचा कुठलाही नातेवाईक परदेशातून निघाला की 'पाऊण, पाऊण, अर्धा' असा निरोप जातो. भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी फ्रँकफुर्टला असते एवढं ऐकून त्याने स्थळाला संमती दिली. पत्रिका नंतर बघितली.

कायद्याच्या बाबतीत तो आणखी काटेकोर. मद्यपरवाना नावाची चीज महाराष्ट्रात असते हे बहुतेक पिणाऱ्यांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते हसतात. तळघऱ्याकडे हजार रुपये भरून काढलेला आजीव परवाना आहे, लॅमिनेट केलेला. पण एका परवान्यावर ठरावीकच बाटल्या बाळगता येतात. कपाट भरल्यावर त्याने वहिनींच्या नावानेही एक काढला. चहाखेरीज काही न पिणाऱ्या वहिनी सरकारदरबारी आजन्म परवानाधारक आहेत. जेवायला येणाऱ्या पाहुण्यांसाठीही तो पाच-पाच रुपयांचे एक दिवसाचे परवाने आणून ठेवतो. ताटाशेजारी वाटी, चमचा, रुमाल आणि परवाना अशी मांडणी दुसऱ्या कुठल्या घरात बघायला मिळायची नाही.

जेवणाचं आमंत्रण आठवडाभर आधी येतं आणि त्यात तारीख सोडली तर सगळी मनाईच असते. अत्तर लावून यायचं नाही. बायकांनी गजरा माळायचा नाही. तंबाखू, मसाला पान, बडीशेप वर्ज्य. येण्यापूर्वी दोन तास कांदा नाही. हे आम्ही एक वेळ पाळू, पण त्याने घरातल्या फोडणीवरच बंदी आणली तेव्हा वहिनींनी उलथनं खाली ठेवलं.

"हिंगाचा वास दोन तास हवेत राहतो," तो समजावत होता.

"तो राहावा म्हणूनच घालतात."

"आजच्या दिवस आमटीला फोडणी नको."

"मग काय, तुमच्या बाटलीतलं चमचाभर कडकडवून घालू?"

शेवटी सगळा स्वयंपाक सकाळी उरकायचा, दुपारभर खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि रात्री नुसता गरम करायचा, असा तह झाला. तिखट मात्र निम्मं. तिखटाने जीभ बधिर होते आणि वाइन कडू लागते, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण नागपूरकडच्या एका पाहुण्याने ते मटण चाखून घरात कुणी आजारी आहे का, अशी दबक्या आवाजात चौकशी केली, तेही खोटं नाही.

आम्ही बसणारे ठरलेले. एक हृदयाचे डॉक्टर, एक दिवाणी वकील, निफाडचे एक द्राक्षबागाईतदार, मी, आणि एखादा फिरता पाहुणा. सहावा स्वतः तळघरे. सहा हा आकडा त्याने विचार करून ठरवलाय. जुनी बाटली पाऊण लिटरची. तळाचा गाळ आणि भोवतालचं थोडं सोडून दिलं की सातशे मिली हाती लागतात, म्हणजे माणशी जेमतेम एकशेपंधरा. त्याहून कमी दिली तर चव कळत नाही, जास्त दिली तर माणूस ऐकत नाही, असा त्याचा हिशेब आहे.

बाटली गुरुवारपासून उभी असते. एरवी आडवी, कारण बूच ओलं राहिलं पाहिजे. शनिवारी उघडायची तर दोन दिवस उभी, कारण गाळ तळाशी बसला पाहिजे. ते दोन दिवस घरात कुणी धपधप चालायचं नाही. नातवाचं क्रिकेट बंद. आडवं ठेवण्याचं महत्त्व पटवायला तो दर वेळी एकच गोष्ट सांगतो. डिसेंबर १९८५ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात १७८७ सालची म्हणवली गेलेली लाफितची एक बाटली एक लाख पाच हजार पौंडांना गेली. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्या नावाची आद्याक्षरं काचेवर कोरलेली. घेणाऱ्या फोर्ब्ज कुटुंबाने ती काचेच्या पेटीत, दिव्याखाली, उभी ठेवली. दिव्याच्या उष्णतेने बूच आक्रसलं आणि आत पडलं.

"म्हणजे कुणी प्यायलंच नाही?" फिरत्या पाहुण्याने विचारलं.

"नाही. आणि पुढे ती जेफरसनची होती की नाही, यावरच वाद झाला."

"दावा दाखल झाला का?" वकिलांनी विचारलं. त्यांची तेवढ्यापुरती जागा होती.

मग उघडण्याचा विधी. जुनं बूच नेहमीच्या स्क्रूने काढलं तर भुगा होऊन आत पडतं. त्यासाठी तळघऱ्याकडे दोन चपट्या पात्यांचा एक चिमटा आहे. बूच आणि काच यांच्या फटीतून एकेक पातं डोलवत खाली सरकवायचं आणि पिळत पिळत वर घ्यायचं. हे चालू असताना कुणी बोलायचं नाही. एकदा डॉक्टर शिंकले तर त्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांनी दुसरी शिंक परत घेतली. तरीही निम्म्या वेळा बूच मध्येच तुटतं. तेव्हा तो डोळे मिटून 'जुनं असलं की आत तुटतं' एवढंच म्हणतो आणि चहाची गाळणी मागतो. ती गाळणी वहिनी देत नाहीत. त्यांच्या मते तिला दूध लागलेलं असतं, त्याच्या मते वाइनला दूध लागेल. मग नवी गाळणी आणायला कुणीतरी चार मजले उतरतं.

बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरून वाइन दुसऱ्या भांड्यात हळूहळू ओतायची आणि उजेडात गाळाची पहिली काळी रेघ दिसली की थांबायचं, ही पद्धत शेकडो वर्षांची. पहिल्या वेळी घरात मेणबत्ती नव्हती आणि देव्हाऱ्यातलं निरांजन वहिनींनी उचलू दिलं नाही. तेव्हापासून मोबाइलचा टॉर्च वापरतात. तो धरण्याचा मान निफाडकरांचा. त्यांचा हात हलत नाही, कारण त्यांना कुतूहल नाही.

"साहेब, हा गाळ टाकून देणार?" ते दर वेळी विचारतात.

"तो टॅनिन आणि रंग एकमेकांना चिकटून झालेला साका आहे. कडू लागतो."

"एवढी वर्षं सांभाळला आणि टाकायचा?"

खरं सांगायचं तर त्या टेबलावर वाइन फक्त निफाडकरांना कळते, आणि ती त्यांना आवडत नाही. त्यांचं सगळं आयुष्य द्राक्षात गेलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चात माल. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटतात, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, हे ऐकून त्यांना तिकडच्या शेतकऱ्याचा हेवा वाटला होता. "सहा महिने वेल झोपतो? मग मालक काय करतो?" तळघऱ्याने बोर्दोच्या १९९० सालाची थोरवी गायला सुरुवात केली, मातीचा पोत, मुळांची खोली, समुद्रावरचे वारे, तेव्हा ते मध्येच म्हणाले, "त्या साली ऊन बक्कळ पडलं असेल आणि काढणीला पावसाने गोंधळ घातला नसेल. त्यात काय एवढं? काढणीच्या तोंडावर अवकाळी आला की माल गेला, तिकडं काय अन् इकडं काय." तळघऱ्याने लॅपटॉप उघडून पाहिलं. ऊन बक्कळच होतं.

ओतून झाल्यावर पिणं लगेच सुरू होत नाही. आधी रंग. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून कड बघायची. लाल वाइन म्हातारी होत जाते तशी फिकी पडते, विटकरी होते. पांढरी म्हातारी होते तशी गडद, मधाच्या रंगाची होत जाते.

"म्हणजे शेवटी दोघी एकाच रंगाला येतात," डॉक्टर म्हणाले.

"कुणीही येतं," वकील म्हणाले.

मग वास. फिरवायचा, थांबायचं, पुन्हा नाक आत घालायचं. तळघरे सुरुवात करतो: काळा करंट, देवदार, सिगारची पेटी, पानगळीनंतरचं जंगल. यांतली एकही वस्तू आमच्यापैकी कुणाच्या घरात कधी आलेली नाही. सिगारची पेटी वकिलांनी सिनेमात पाहिली आहे. पण काहीच न बोलणं हा त्या घरात अपमान समजला जातो, त्यामुळे प्रत्येकाला जे सापडेल ते टेबलावर ठेवावं लागतं. डॉक्टरांना जांभूळ सापडतं, दर वेळी, पांढऱ्या वाइनमध्येसुद्धा. वकिलांना जुन्या फायली सापडतात. मी पेन्सिलीचा भुगा म्हणतो. एकदा तो म्हटल्यावर तळघऱ्याने मला मिठी मारली होती, तेव्हापासून दुसरं काही म्हणायची हिंमत होत नाही. निफाडकर खूप वेळ हुंगतात आणि म्हणतात, "द्राक्ष."

एका शनिवारी असंच चाललं होतं. तळघरे डोळे मिटून ओलसर जंगलाबद्दल बोलत होता, आम्ही माना डोलावत होतो. वहिनी भाकरीचा टोपला घेऊन आल्या, जाता जाता थबकल्या आणि म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात गॅलरीतली रद्दी भिजली होती तोच वास येतोय. कुठे काही गळतंय का?"

तळघऱ्याचा चेहरा पडला. भिजलेला पुठ्ठा, ओली रद्दी हीच बिघडलेल्या बुचाची खूण. बुचात टीसीए नावाचं एक रसायन तयार होतं. लिटरभर वाइनमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅम पुरतात, तेवढ्यावर अख्खी बाटली गेली म्हणून समजायचं. आणि जिथे त्याने आम्हाला पंधरा मिनिटं जंगलातून फिरवलं होतं, तिथे वहिनींनी चालता चालता निदान केलं होतं. त्याने मुकाट्याने सगळ्यांचे ग्लास गोळा केले. निफाडकरांचा मात्र रिकामा निघाला.

"तुम्ही प्यायलात?"

"वास आला होता मला," निफाडकर म्हणाले. "म्हटलं, जुनी आहे, असेल."

वकिलांना हे प्रकरण पुढे न्यायचं होतंच. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की बोर्दोमध्येच काही संशोधकांनी वाइनचं शिक्षण घेणाऱ्या चौपन्न विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन लाल रंग घालून ठेवली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००१ साली त्यावर निबंध छापून आला. वकिलांनी हे टेबलावर मांडलं.

"ते विद्यार्थी होते," तळघरे म्हणाला.

"मग प्राध्यापकांची परीक्षा घेऊ."

पुढच्या जेवणाला वहिनींनी तीन बाटल्यांना नातवासाठी विणलेल्या लोकरी कुंच्या घातल्या. कुंची घातलेल्या तीन बाटल्या टेबलावर रांगेत बसल्या आणि तळघरे एकेकीच्या ग्लासात नाक घालत फिरला. पहिली त्याने ओळखली. दुसरीबद्दल तो म्हणाला की ही दिंडोरीकडची शिराझ आहे, आणि होतीही. तिसऱ्या ग्लासापाशी तो बराच वेळ थांबला. मग ठामपणे म्हणाला, "इटली. तोस्काना. संजोवेझे द्राक्ष. दहा वर्षं तरी झाली असतील."

वहिनींनी कुंची काढली. आतून अकलूजची 'सेत्ते' निघाली. सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका.

"अकलूज?" फिरते पाहुणे पंढरपूरचे होते. "तिथं ऊस सोडून काही पिकतं?"

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. तळघऱ्याने ग्लास खाली ठेवला आणि बोटं मोजायला घेतली. "द्राक्ष कोणतं? संजोवेझे, कॅबरने सोव्हिन्यॉच्या जोडीला. कुठलं? तोस्कानाचं. बनवणारा कोण? प्येरो मासी. कुठला? तोस्कानाचा. मी चुकलो कुठे? फक्त जमीन मोहिते पाटलांची निघाली." वकिलांनी हात जोडले. बाजू हरल्यावर इतका चांगला युक्तिवाद त्यांनी कोर्टात ऐकला नव्हता.

रात्र चढत जाते तसा तळघरे इतिहासात शिरतो. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने बोर्दोच्या वाइनची प्रतवारी करून मागितली. दलालांनी बाजारभाव बघून पाच प्रती पाडल्या. त्यानंतर दुसऱ्या प्रतीतून पहिल्या प्रतीत बढती मिळाली ती एकाच घराण्याला, मूतों रोतशिल्ड, १९७३ साली.

"एका बढतीला एकशे अठरा वर्षं," वकील म्हणाले. "अपील धरून की सोडून?"

हे सगळं चालू असताना ग्लासातली वाइन तशीच असते. तिच्यात जीव येऊ दे, अजून पाच मिनिटं, आता प्यायलास तर तिचं तारुण्य चुकेल, आता थांब, ती बदलतेय. फार जुनी वाइन हवेत आली की काही वेळ फुलते आणि मग पाहता पाहता विझते. ही गोष्ट खरी आहे, आणि आमची कुचंबणा तिथेच आहे. फुलण्याआधी तो पिऊ देत नाही आणि विझल्यावर 'बघा, सांगत नव्हतो?' म्हणतो. मधल्या नेमक्या क्षणी तो मूतों रोतशिल्डबद्दल बोलत असतो. चकणा म्हणून समोर बिनचवीची बिस्किटं असतात. डॉक्टर खिशातून बाकरवडीचा पुडा काढून टेबलाखालून फिरवतात. कुरकुरण्याचा आवाज येऊ नये म्हणून ती तोंडात धरून मऊ होऊ द्यावी लागते. अशी बाकरवडी आणि १९९० ची पोयाकची बोर्दो यांचा मेळ जगात फक्त त्या टेबलाखाली जमून आलेला आहे. मेळ उत्तम जमतो. हे आम्ही त्याला अजून सांगितलेलं नाही.

गोडाच्या वेळी मदेराची बाटली निघते. मदेरा ही त्याची लाडकी, आणि तिची कथा आपल्याकडच्या समुद्रवाटेची आहे म्हणून त्याला ती रंगवून सांगता येते. आफ्रिकेच्या वायव्येकडच्या त्या पोर्तुगीज बेटावरून पिंपं जहाजांवर चढायची, विषुववृत्त ओलांडत हिंदुस्थानापर्यंत यायची. जहाजाच्या पोटात महिनोन् महिने उकाडा. कुठलीही वाइन त्यात मेली असती, पण ही उकडून निघाली आणि आणखी चांगली झाली. हे कळल्यावर लोक पिंपं मुद्दाम हिंदुस्थानापर्यंत पाठवून परत आणवायला लागले. आजही तिला मुद्दाम उष्णता देतात, चांगली असेल तर माळ्यावर पिंपात वर्षानुवर्षं मुरू देतात. एकदा उघडली तरी महिनोन् महिने बिघडत नाही.

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "म्हणजे ही उन्हातान्हात माळ्यावर ठेवली की चांगली होते?"

"हो. हेच तर तिचं..."

"मग बाकीच्यांचा एसी काढा आणि घरात हिच्याच भरा की."

तळघरे मदेराच्या अपवादाचं शास्त्र समजावू लागला, पण वहिनी आत गेल्या होत्या. बाहेर आल्या त्या हातात चिनी मातीची बरणी घेऊन. आत लिंबाचं लोणचं, काळं पडलेलं, थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी घातलेलं. "हे फडताळात असतं," त्या म्हणाल्या, "उभंच. याला इन्व्हर्टर लागत नाही." प्रत्येकाच्या ताटात एकेक फोड पडली. वकिलांनी ती जिभेवर ठेवली आणि त्या रात्री पहिल्यांदा कुणीही न विचारता एक माणूस मनापासून 'वा' म्हणाला. तळघऱ्याने आपली फोड उचलली, उजेडात धरली, हुंगली आणि म्हणाला, "अजून दोन वर्षं थांबायला हवं होतं."

त्याच्याकडे आम्ही का जातो, हे मला बायको विचारते. बाहेर जेवलो तर गप्पाही होतात, तिखटही मिळतं, आणि पोटभर प्यायला मिळतं. उत्तर एकच आहे. कपाटातली बाटली तो एकट्याने उघडू शकत नाही. व्हिस्की चार महिने पुरवता येते. तीस वर्षांची वाइन उघडली की त्याच रात्री संपवावी लागते, उद्यापर्यंत ती राहत नाही. एकट्याने पाऊण लिटर पिणं डॉक्टरांना मंजूर नाही आणि वहिनी थेंब घेत नाहीत. म्हणजे बाटली तयार झाली की माणसं लागतातच. निवृत्त झालेल्या किती माणसांकडे दुसऱ्यांना शनिवारी बोलावण्याचं इतकं बिनतोड कारण असतं? बाकीचे आम्ही 'एकदा भेटू या' म्हणतो आणि वर्षं जातात. तळघऱ्याची बाटली थांबत नाही, म्हणून तोही थांबत नाही. आम्हाला पिऊ देत नसेल, पण यायला लावतो.

त्याची नोंदवही मी नुकतीच पाहिली. लॅपटॉपवर एक्सेलमध्ये सगळ्या बाटल्या लिहिलेल्या आहेत: गाव, साल, कुणाबरोबर आली, आणि शेवटच्या रकान्यात 'पिण्याचा काळ', अमुक सालापासून तमुक सालापर्यंत. तो चहा सांगायला आत गेला होता आणि माझा हात खालच्या दुसऱ्या पानावर पडला. त्या पानाचं नाव होतं 'माणसं'. रकाने तेच. डॉक्टरांपुढे लिहिलं होतं, 'रोज चालतो. २०४० पर्यंत हरकत नाही.' निफाडकरांपुढे, 'छाटणी व काढणी सोडून केव्हाही.' वहिनींपुढे, 'फक्त नाक. काळाचं बंधन नाही.' माझ्यापुढे, 'वेळेवर येतो. पेन्सिल.' आणि सगळ्यात खाली स्वतःच्या नावापुढे, 'गाळ धरला आहे. हलवू नये.'

वकिलांच्या रकान्यातलं साल लाल केलेलं होतं. त्यांच्या अँजिओग्राफीत दोन ठिकाणी अडथळे निघाले होते आणि ते तारखा मागत होते; आपल्या शरीरापुढेही त्यांना तारीख मिळेल अशी आशा होती. त्याच संध्याकाळी तळघऱ्याने माझ्यासमोर त्यांना फोन लावला, स्पीकरवर. काळजीचे दोन शब्द बोलेल असं मला वाटलं होतं.

"तुझा निर्णय काय झाला?"

"बघू. दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर नाही. माझ्याकडे २०१६ ची बरोलो आहे, २०३१ च्या आधी उघडायची नाही. सहा माणसांचा हिशेब आहे. तू पुढच्या महिन्यात काय ते करून घे."

"डॉक्टर म्हणतोय तिथे काहीतरी बसवायचं."

"चांगलं टिकाऊ बूच बसवायला सांग."

"बूच बसवायचं नाही रे, काढायचंय," वकील म्हणाले.

तळघरे एकदम गंभीर झाला. "मग चिमट्याने काढायला सांग. आणि शिंकणारा डॉक्टर नको. जुनं असलं की आत तुटतं."